दाजींची चित्रं आणि माझं लॅमिनेशन

लॅमिनेशनचा शोध ज्याने लावला त्याचा पुतळा एखाद्या चौकात असायला हवा, हे माझं जुनं मत आहे. सदतीस वर्षं मी हैदराबादच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवलं आणि कागदाचे काय काय हाल होतात ते पाहिलं. कसर लागते, वाळवी लागते, चहा सांडतो, पोरं बोळा करतात. माझ्या घरी रेशन कार्ड, लग्नपत्रिका, मुलाची दहावीची गुणपत्रिका, आरत्यांची पानं, कुलदेवतेचा फोटो, इतकंच काय, फ्रीजच्या गॅरंटीचा कागदसुद्धा लॅमिनेट केलेला आहे. फ्रीज भंगारात गेला, कागद अजून नवाकोरा आहे. नात्यात कुणाला साधं रांगोळी स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं तरी ते आधी माझ्याकडे येतं आणि पेढे नंतर येतात.

हे सांगायचं कारण म्हणजे माझे दाजी. माझी थोरली बहीण सरोजअक्का, तिचे यजमान एकनाथराव बिलोलीकर. राहणार अंबरपेठ, सरकारी छापखान्यातून निवृत्त. हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतला माणूस एक तर सरकारी नोकर असतो, नाही तर मास्तर, नाही तर वकील, आणि छंद म्हणून तो फार तर नाणी नाही तर पोस्टाची तिकिटं जमवतो. दाजी जमवत होते वॉरन टिलबी नावाच्या एका अमेरिकन माणसाची रंगीत लिथो चित्रं. त्या चित्रांत काही नसतं. म्हणजे एका चित्रात निळा डाग, त्याच्या अंगावर रेललेला शेंदरी डाग आणि कोपऱ्यात एक काळी रेघ. दुसऱ्यात हिरवा डाग आहे आणि रेघ हरवली आहे. माझ्या शाळेत कुणी असं चित्र काढलं असतं तर मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं असतं.

अशी अकरा चित्रं दाजींकडे होती. छापखान्याने मोडीत काढलेलं नकाशे ठेवायचं एक रुंद, उथळ खणांचं कपाट त्यांनी घरी आणलं होतं आणि त्यातल्या एकेका खणात एकेक चित्र निजवून ठेवलं होतं. भिंतीवर एकही नाही. दर रविवारी सकाळी दहाला हात साबणाने धुवायचे, कोरड्या पंच्याला पुसायचे, पलंगावर धुतलेली चादर अंथरायची आणि एक चित्र बाहेर काढायचं. तेवढा वेळ घरात पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा बंद. पाहुणे घाम पुसत विचारायचे, "एकनाथराव, हे काय आहे?"

"छपाई," दाजी सांगायचे.

"हो, पण चित्र कशाचं आहे?"

"छपाईचं."

यापुढे कुणी विचारत नसे, कारण पंखा लवकर सुरू व्हावा अशी सगळ्यांचीच इच्छा असे.

दाजी एकविसाव्या वर्षी सरकारी छापखान्याच्या लिथो खात्यात लागले, तेव्हा तिथे अजून दगडावर छपाई चालायची. उर्दू मजकूर आणि नकाशे दगडावर निघत. तेलकट शाईने गुळगुळीत दगडावर काढायचं, दगड ओला करायचा, म्हणजे शाई रेघेला धरते आणि पाण्याला सोडते. एका रंगाला एक दगड. पाच रंग हवे असतील तर तोच कागद पाच दगडांवरून पाच वेळा काढायचा आणि पाचही वेळा तो केसभरही न सरकता तिथल्या तिथे बसला पाहिजे. छापखान्यात याला रजिस्टर म्हणतात. दाजींचं रजिस्टर म्हणजे अख्ख्या खात्यात नाव होतं. नाव होतं म्हणजे तोंडी होतं, कागदावर कुठे नव्हतं. छत्तीस वर्षांत त्यांनी नद्यांचे, तालुक्यांचे, जंगलांचे शेकडो नकाशे काढले. खाली खात्याचं नाव, सचिवाचं नाव, प्रती किती ते सगळं असायचं. छापणाऱ्याचं नाव छापायचा खाना त्या कागदावर नव्हताच.

मग ऑफसेट यंत्रं आली आणि दगड वजनावर विकले गेले. दाजींनी एक घरी आणला. अक्काने तो मागच्या अंगणात टाकला आणि त्यावर धुणं सुरू केलं. त्या दिवसापासून स्वतःचे कपडे दाजी बाथरूममध्ये धुतात.

पहिलं चित्र त्यांना नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दर हिवाळ्यात भरणाऱ्या प्रदर्शनात मिळालं. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. आम्ही सगळे गेलो होतो. बायका बांगड्यांकडे, मी आणि पोरं आकाशपाळण्याकडे, आणि दाजी गायब. शोधायला गेलो तर एका जुन्यापुराण्या सामानाच्या दुकानासमोर उभे. कुणी परदेशी कुटुंब गाव सोडून गेलं होतं, त्यांची टेबलं, पडदे, कपबशा विकायला काढलेल्या आणि त्यात ते निळ्या-शेंदरी डागाचं चित्र. दाजी त्याला नाक लावून उभे होते.

"सात दगड," ते मला म्हणाले. "सात दगड, माधवराव, आणि एक रंग दुसऱ्यावर एवढासुद्धा चढलेला नाही."

दुकानदार म्हणाला, "फ्रेम के पैसे देव साब, तसवीर मुफ्त ले जाव."

दाजींनी फ्रेमचे पैसे दिले, चित्र काढून घेतलं आणि फ्रेम त्यालाच परत केली. तो माणूस आमच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मला इतकं ओशाळं झालं की मी पोरांना घेऊन पुढे गेलो.

त्या चित्राच्या खालच्या पांढऱ्या कडेला पेन्सिलीने टिलबीची सही होती. पण दाजींना टिलबीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच कडेच्या उजव्या कोपऱ्यात एक शिक्का होता, चिंचोक्याएवढा, बिनशाईचा, कागद नुसता दाबून उठवलेला. सरळ बघितलं तर दिसत नाही. कागद उजेडाकडे तिरका धरला तर दिसतो, नाही तर बोटाला लागतो. तो शिक्का होता छापणाऱ्याचा. दाजींनी मला तो एका रविवारी दाखवला होता, हे मी मुद्दाम नमूद करतो.

"बघा माधवराव," ते म्हणाले, "तिकडे काढणारा सही करतो आणि छापणारा शिक्का मारतो. दोघांची नावं एकाच कागदावर. बोट फिरवा."

मी बोट फिरवलं. मला काही लागलं नाही. माझं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं, चहाला उशीर झाला होता. "वा वा," मी म्हणालो.

पुढे दाजींनी कुठल्याशा परदेशी वाचनालयातल्या जाडजूड यादीतून त्या छापखान्याचा पत्ता शोधला आणि शिक्क्याच्या मालकाला इंग्रजीत पत्र लिहिलं. मला मसुदा तपासायला दिला होता. त्यात चित्राबद्दल एक अक्षर नव्हतं. तिसऱ्या आणि चौथ्या दगडाच्या मध्ये तुम्ही कागद किती वेळ वाळवता, एवढंच विचारलं होतं. पाच महिन्यांनी उत्तर आलं. मालक म्हणजे एक बाई निघाली. रूथ नाव. तिने लिहिलं होतं की तीस वर्षांत हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदाच कुणी विचारला, आणि खाली चार पानं उत्तर.

मग वीस-बावीस वर्षं हा पत्रव्यवहार चालला. छापणाऱ्याला प्रत्येक चित्राची एक प्रत स्वतःसाठी मिळते, असा तिकडे रिवाज. टिलबीचं नवं चित्र निघालं की रूथबाई आपल्या वाटची प्रत कधीकधी पुठ्ठ्याच्या नळीत घालून अंबरपेठला पाठवायच्या. दाजींनी त्यांना गोदावरी खोऱ्याचा स्वतः छापलेला नऊ रंगांचा नकाशा पाठवला. रूथबाईंनी तो छापखान्याच्या भिंतीवर लावल्याचं कळवलं आणि सोबत विचारलं की यावर तुमचा शिक्का कुठे आहे, मला सापडत नाही. या पत्राचं उत्तर दाजींनी फार दिवसांनी दिलं. काय लिहिलं ते मला तपासायला दिलं नाही.

रूथबाई दोन हजार नऊ साली गेल्या. त्यांच्या भाचीचं पत्र आलं. त्या रविवारी दाजींनी अकराच्या अकरा चित्रं बाहेर काढली आणि अक्काने आपण होऊन पंखा बंद केला.

आता अलीकडचं. दाजींना पंचाहत्तर पूर्ण होणार होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दोन-तीन वर्षं सगळं पिवळट दिसायचं. तरी रविवार चुकत नव्हता. रंग दिसत नसले तरी चित्र काढायचे, कोपऱ्यावर बोट ठेवायचे आणि परत निजवायचे. शेवटी त्यांची मुलगी केतकी हटून बसली. ती कुकटपल्लीला राहते. नवरा पुष्कर पुण्याचा, कंप्युटरमध्ये. ऑपरेशन तिकडेच करायचं आणि पंधरा दिवस तिच्याकडेच राहायचं असं ठरलं. जाताना दाजी मला म्हणाले, "डोळे नीट झाले की पहिलं ते निळं बघणार. नुमाइशीतलं. तो निळा कसा होता ते विसरायला झालंय."

आणि नेमका याच वेळी पुष्करला शोध लागला.

"मामा, यू वोन्ट बिलीव्ह," त्याचा फोन. "हा टिलबी अ‍ॅक्च्युअली फेमस आहे! ऑक्शनमध्ये जातात त्याचे प्रिंट्स. मी तुम्हाला लिंक पाठवलीये, प्लीज वाचा."

मी लिंक उघडली नाही. त्याने आकडा सांगितला होता, तेवढं मला पुरलं. अक्काला सांगितला तेव्हा तिने हातातली वाटी खाली ठेवली. चाळीस वर्षं ज्या कपाटावर ती लोणच्याच्या बरण्या ठेवत आली होती, त्यावरून तिने संध्याकाळपर्यंत सगळ्या बरण्या उतरवल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाग्यलक्ष्मीबाईंना बोलावून तिने कपाट दाखवलं. नुसतं कपाट. आत बघायला कुणीच मागितलं नाही.

बातमी आमच्या मराठी मंडळात पोचायला वेळ लागला नाही, कारण मंडळाचा चिटणीस मीच. अध्यक्ष हिम्मतराव, निवृत्त वकील, यांनी तातडीची बैठक बोलावली. एकनाथरावांचा अमृतमहोत्सव मंडळाच्या सभागृहात करायचा आणि त्या निमित्ताने अकरा चित्रांचं प्रदर्शन भरवायचं असा ठराव झाला. दाजींना यातलं काही कळू द्यायचं नाही, हा दुसरा ठराव. यापूर्वी मंडळाने दाजींना चाळीस वर्षांत एकदाच बोलावलं होतं, हळदीकुंकवाच्या पत्रिका स्वस्तात कुठे छापून मिळतील ते विचारायला.

बैठकीत पहिली अडचण निघाली ती चित्रांना नावं नसल्याची. "नावाशिवाय लोक काय बघणार?" हिम्मतराव म्हणाले, मी एकेक चित्र आठवून सांगत गेलो आणि मंडळाने दोन तासांत अकराही चित्रांना नावं दिली. निळ्या-शेंदरी डागाला 'आईचं काळीज' हे नाव एकमताने पडलं. हिरव्याला 'पर्यावरण'. एका करड्या चित्रावर फार वाद झाला आणि शेवटी मतदान घेऊन ते 'करोना' ठरलं. ते छापलं गेलं तेव्हा करोनाचा पत्ताही नव्हता, पण द्रष्टा कलावंत असं म्हणायला त्यामुळे सोयीचं झालं.

दुसरी अडचण आकाराची. चित्रं लहानमोठी होती. भिंतीवर अकरा सारखी दिसायला हवीत. आणि तिसरी अडचण मी स्वतः काढली. अक्काने चोरून किल्ली दिली, मी कपाट उघडलं, तर एका चित्राच्या मागच्या बाजूला दोन तपकिरी ठिपके. बुरशी! माझ्या अंगावर काटा आला. अमेरिकेत लाखमोलाची ठरलेली वस्तू, आणि दाजींनी ती उघडी ठेवली होती, हवेला, किड्याला, अंबरपेठच्या धुळीला. साधं प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा नाही. तिन्ही अडचणींवर उपाय एकच होता आणि या गावात तो माझ्याइतका कुणालाच माहीत नव्हता.

मी खोटं सांगत नाही, मला दाजींसाठी काहीतरी करायचं होतं. आयुष्यभर त्यांनी मला पंख्याशिवाय बसवलं, पण माणूस मला आवडायचा.

नामपल्लीला स्टेशनजवळ फोटो आणि लॅमिनेशनचं एक दुकान आहे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला म्हातारा मालक. जाड पुठ्ठ्याच्या फळीवर चित्र चिकटवायचं, वरून गरम यंत्राखाली प्लॅस्टिक बसवायचं, कडेला काळी पट्टी, मागे हूक, जन्मभराचं काम. मी अकरा चित्रं त्याच्यासमोर ठेवली. त्याने पहिल्या चित्राच्या कडेवर अंगठा फिरवला आणि थांबला.

"साब, ये कागज मामूली नै है. इसकू फळी पे नक्को चिपकाव."

"कैकू?"

"कपास का कागज है. गरमी में रंग कैसा बैठता, मैं नै बोल सकता."

"तुम मेरेकू लॅमिनेशन सिखा रहे?" मी म्हणालो.

"नै साब, मैं कैकू सिखाऊँगा. मगर ये कोने में देखो, मोहर है. बगैर स्याही की. किसी कारीगर का निशान है. एक नाप करना बोले तो किनारा कटता."

मी चष्मा लावून बघितलं. मला पांढरी कड दिसली. खाली पेन्सिलीचं काहीतरी खरडलेलं होतं, पेन्सिलीचं म्हणजे कच्चंच. बोट फिरवा असं मला पूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, तेही मला त्या क्षणी आठवलं. पण समोर दुकानदार उभा होता आणि सदतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला दुकानदाराकडून शिकून घेणं जमत नाही.

"काटो," मी म्हणालो.

शिवाय प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली बसवायला मी सुबक चिठ्ठ्या छापून नेल्या होत्या. चित्राचं नाव, संग्राहक एकनाथराव बिलोलीकर, आणि त्याखाली संकल्पना व मांडणी: माधव कंधारकर. शेवटची ओळ थोडी ठळक होती. प्रुफं मीच तपासली होती.

चार दिवसांनी अकरा चित्रं हातात आली तेव्हा, खरं सांगतो, मला भरून आलं. अकराही एका मापाची, कडेला काळीभोर पट्टी, आणि चकाकी अशी की त्यात तोंड बघून भांग पाडावा. सभागृहाच्या भिंतीवर लावल्यावर हिम्मतराव म्हणाले, "आता कसं अमेरिकन वाटतंय."

समारंभाला दीडशे माणसं आली. आकडा सगळ्यांच्या कानावर गेला होता. जी मंडळी दाजींच्या घरी घाम पुसत बसायची तीच आता 'आईचं काळीज'पुढे मान तिरपी करून उभी होती. "खूप बोलतं हं चित्र," एक बाई म्हणाल्या. पुष्कर प्रत्येक चित्रासमोर सेल्फी काढत होता. चिठ्ठीवरचं मराठी त्याला भराभर वाचता येत नाही, म्हणून केतकी त्याला वाचून दाखवत होती.

मग दाजी आले. काळा चष्मा लावलेला, अक्काचा हात धरलेला. मी पुढे होऊन म्हणालो, "दाजी, डोळे मिटा. आता उघडा."

त्यांनी काळा चष्मा काढला. समोर नुमाइशीतलं निळं होतं. नव्या डोळ्यांनी बघायचं ठरवलेलं. ते जवळ गेले. प्लॅस्टिकवर ट्यूबलाइटच्या दोन पांढऱ्या नळ्या चमकत होत्या. ते डावीकडे सरकले, नळ्याही सरकल्या. उजवीकडे सरकले, तर त्यांना त्यांचंच तोंड दिसलं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे उजवा हात उचलला, पंचा शोधला, सापडला नाही, सदऱ्याला बोट पुसलं आणि खालच्या कोपऱ्यावर ठेवलं.

बोट एकदा फिरलं. परत फिरलं. मग ते पुढच्या चित्राकडे गेले, मग त्याच्या पुढच्या. कोपऱ्यावर बोट, सरळ उभे, पुढे. अकराव्यापाशी ते वाकले आणि डोळा चिठ्ठीला लावला. ऑपरेशन उत्तम झालं होतं, कारण एवढ्याशा चिठ्ठीतली शेवटची ओळ त्यांनी अडखळल्याशिवाय वाचली.

"संकल्पना व मांडणी, माधव कंधारकर," ते म्हणाले.

त्या क्षणी मला सगळं कळलं. चहाची वाट बघत ज्या कोपऱ्यावर मी बोट फिरवलं होतं, तो कोपरा मला त्या भिंतीवर अकरा वेळा दिसला आणि अकराही ठिकाणी मी होतो. मला लाज वाटली. अशी लाज मला नोकरीत, संसारात, कधीच वाटली नव्हती. पण आभारप्रदर्शन माझ्याकडे असल्यामुळे मला पळूनही जाता येईना.

हिम्मतरावांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं. निळा रंग म्हणजे माता आणि शेंदरी म्हणजे तिचा त्याग, हे त्यांनी वकिली पद्धतीने सिद्ध केलं. मग दाजींच्या हातात माईक दिला. दाजी सभेत कधी बोललेले नाहीत. ते माईक तोंडापासून लांब धरून म्हणाले, "ही चित्रं छापली त्या बाईंचं नाव रूथ. त्यांचं नाव इथे खाली होतं. आता नाही."

ते थांबले. भाषण संपलं असं वाटून लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

घरी परतताना गाडीत पुष्कर मला हळूच म्हणाला, "मामा, लिंकमध्ये फर्स्ट लाइनच ती होती. मार्जिन कट केलं तर प्रिंट संपला. वाचलं नाही का तुम्ही?" गाडी केतकी चालवत होती, शेजारी दाजी बसले होते. सिग्नलला केतकी मागे वळून म्हणाली, "मामा, असं कसं केलं तुम्ही?" आणि रडायला लागली. अक्काने मला दोष दिला नाही. किल्ली तिने दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी नामपल्लीला जाऊन उभा राहिलो. म्हाताऱ्याने शटर वर केलं, मला बघितलं आणि काही न विचारता आतून एक जुनं लग्नपत्रिकेचं पाकीट आणलं. त्यात कापलेल्या कडा होत्या. अकरा पट्ट्या, बोटभर रुंद, नीट एकावर एक ठेवलेल्या.

"फेंकने कू दिल नै हुआ साब," तो म्हणाला. "कोई तो आएँगा बोलके रक्खा."

मी तसाच अंबरपेठला गेलो. दाजी खोलीत बसले होते, पंखा चालू होता. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. आधी उठले, मोरीवर गेले, साबणाने हात धुतले, पंच्याला पुसले, चादर अंथरली, पंखा बंद केला. मग एकेक पट्टी काढून मांडली आणि प्रत्येकीच्या उजव्या टोकाला बोट लावलं. अकराही शिक्के होते.

"दाजी, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्ही दाखवलं होतं. मी बघितलं नाही."

"नाही बघितलं," दाजी म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं." मग पट्टीच्या कडेवर बोट फिरवत म्हणाले, "कारीगर कोण आहे तो? पट्ट्या सरळ कापल्यात. पातं चांगलं आहे त्याचं."

"चित्रं सभागृहातून कधी आणू?"

"इकडे कशाला? तुमच्याकडे न्या. नाव तुमचंच आहे त्यावर."

मी खूप विनवणी केली. ते रागावलेही नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी पट्ट्या उचलल्या आणि एका खणात एक अशा अकरा खणांत निजवल्या. एवढ्या रुंद खणात ती एवढीशी पांढरी पट्टी. अजूनही दर रविवारी दहाला एक बाहेर निघते. आकड्याची हवा केव्हाच गेली, त्यामुळे पाहुणे कमी झालेत आणि अक्काच्या बरण्या परत कपाटावर गेल्यात. मी मात्र जातो. हात धुऊन जातो आणि चहा नको म्हणून आधीच सांगतो. तिसऱ्या रविवारी दाजींनी पट्टी उजेडाकडे तिरकी धरली आणि माझं बोट धरून टोकावर ठेवलं. या वेळी लागलं.

अकरा चित्रं माझ्या दिवाणखान्यात आहेत. येणारे जाणारे कौतुक करतात, कोपऱ्यातली चिठ्ठी वाचतात आणि माझ्याकडे आदराने बघतात. गेल्या महिन्यात मी एकट्याने बसून ब्लेड घेतलं आणि 'आईचं काळीज'वरची ठळक ओळ तेवढी निघते का ते बघितलं. मग गरम इस्त्री लावून बघितलं, मग रॉकेलचा बोळा. लॅमिनेशनबद्दल मी आयुष्यभर लोकांना जे सांगत आलो ते अगदी खरं आहे. पाणी लागत नाही, धूळ बसत नाही, पन्नास वर्षं काही होत नाही. माझं नाव काही केल्या निघत नाही.